लेकीबाळींचा पाठीराखा राजा : करवीरचे श्रीशाहू छत्रपती

वारकरी कीर्तनात आख्यान लावण्याची चाल नाही. एक अभंग घ्यावा, त्याच्या पोटात शिरावे, संतवचनांची प्रमाणे द्यावीत आणि श्रोत्यांना नामाच्या गजरात सोडून द्यावे, ही आमची परंपरा. राजेरजवाड्यांची चरित्रे रंगवून सांगणे हे हरदासांचे काम. तरीपण दृष्टांतापुरते जनक, अंबरीष, हरिश्चंद्र हे राजे आमच्याही कीर्तनात डोकावून जातातच. मग आपल्याच मराठी मुलखातला, आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातला एक राजा दृष्टांताला घेतला तर वारकरी बंधुभगिनी आम्हांस बोल लावणार नाहीत अशी आशा आहे. करवीरचे श्रीशाहू छत्रपती हे ते राजे. त्यांच्या नावाचा जयजयकार सभेसभेतून होतो, पण त्यांनी लेकीबाळींसाठी आणि गोरगरिबांच्या पोरांसाठी नेमके काय केले हे विचारले तर पुष्कळांना आरक्षणापलीकडे सांगता येत नाही. म्हणून हा खटाटोप.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात महाराजांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव यशवंतराव. लेकरू तीन वर्षांचे होते न होते तोच आई राधाबाई गेल्या. पुढे १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक आले आणि त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. दोन वर्षांनी जन्मदाते वडील आबासाहेब हेही निवर्तले. दत्तक घेणाऱ्या कोण, तर चौथे शिवाजी महाराज यांच्या विधवा राणी आनंदीबाईसाहेब. इंग्रज सरकारची मान्यता लागे ती लागलीच. पण मुळात आपल्या महाराष्ट्रातील धर्मशास्त्राच्या परंपरेत विधवेला पतीची स्पष्ट आज्ञा नसतानाही दत्तक घेता येतो, असा निर्णय शास्त्रकारांनी दिलेला आहे. इतर प्रांतांत तसे नाही बरं का. एका विधवेचा हा अधिकार शास्त्राने मान्य केला म्हणून करवीरला हा राजा लाभला, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

राजकोटास आणि धारवाडास फ्रेजर नावाच्या साहेबाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्याचा कारभार हाती आला. वय वीससुद्धा पुरे नव्हते.

कारभार हाती घेऊन दोन-अडीच वर्षे होतात न होतात तोच दुष्काळ आला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, तगाई दिली, जनावरांना चारा पुरविला, रस्त्या-तलावांची कामे काढली. हे तर पुष्कळ संस्थानिक करीत. परंतु खडी फोडायला आलेल्या बाईच्या कडेवरचे पोर ती कुठे ठेवील, हा विचार फारसा कोणी केला नव्हता. उन्हात धोंड्याच्या आडोशाला पोर निजवावे आणि हातोडा हाती धरावा, अशीच रीत. महाराजांनी दुष्काळी कामावर येणाऱ्या बायांच्या मुलांना सांभाळण्यासाठी कामाच्या जागीच घरे उघडली. ही गोष्ट १८९६-९७ च्या सुमाराची आहे. आम्हांला त्यांच्या सगळ्या चरित्राची किल्ली येथे सापडते. मदत करायची तर ती घेणाऱ्याची अडचण जिथे आहे तिथे जाऊन करायची, आपल्या सोयीने नव्हे.

वेदोक्ताचे प्रकरण १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर उपस्थित झाले. छत्रपतींसाठी वेदोक्त मंत्र म्हणायचे की पुराणोक्त, हा तो वाद. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे विस्तार नको. आमचे शिक्षण पाठशाळेतले, शास्त्रीपंडितांच्या पायाशी बसून झालेले. तरीही आमचे मत विचाराल तर त्या वादात शास्त्रापेक्षा अहंकारच अधिक बोलला. असो. त्या प्रसंगाने महाराजांना एक गोष्ट कळून चुकली. छत्रपतीला ही वागणूक, तर ज्याच्या अंगावर धड आंगरखा नाही त्या कुणब्याच्या, महाराच्या पोराला विद्येच्या दारात कोण उभे करणार?

मग सुरू झाली वसतिगृहे. त्या काळी बोर्डिंग म्हणत, अजूनही कोल्हापुरात जुनी माणसे बोर्डिंगच म्हणतात. खेड्यातला मुलगा हुशार असला, मराठी चार-पाच यत्ता झाल्या, की पुढे काय? शहरात जायचे तर राहायचे कुठे, जेवायचे कुठे? विद्येला फी लागते ती थोडी. भाकरीला आणि छपराला लागते ती जास्त. महाराजांनी प्रथम १८९६ साली सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले होते. ते चालेना. थोड्याच दिवसांत तेथे एकाच जातीची मुले उरली. म्हणून १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे व्हिक्टोरिया बोर्डिंग निघाले, त्याच साली जैनांचे. १९०६ साली मुसलमानांचे, पुढच्याच साली लिंगायतांचे, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शिंपी समाजाच्या बोर्डिंगाला तर आमच्या नामदेवरायांचेच नाव मिळाले. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जाती वाढविल्या, असा आक्षेप कोणी कोणी घेतात. त्यांनी आधी काय करून पाहिले होते, हे त्यांना ठाऊक नसावे.

ह्या मदतीची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. दरबार जागा देई, इमारतीला पैसा देई, सालाची नेमणूक बांधून देई. पण कारभार त्या त्या समाजाने करावा, वर्गणी त्यांनीही जमवावी, असा दंडक. मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद मात्र महाराजांनी स्वतःकडे घेतले, कारण पुढाकार घेणारे कोणी पुढे येईना. अन्नछत्र आणि बोर्डिंग यांत हाच फरक. अन्नछत्रात जेवणारा उठून जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंगतीला बसतो. बोर्डिंगात जेवलेला पोरगा दहा वर्षांनी दुसऱ्यांना जेवू घालणारा होतो. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या आणि पुढे महाराजांच्या सहवासात आलेल्या एका मुलाने १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ते कर्मवीर भाऊराव पाटील. सातारच्या वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही. त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव आहे. आपल्या पुणे जिल्ह्यातदेखील रयतच्या शाळांत शिकून कितीतरी शेतकऱ्यांची मुले मार्गी लागली. काल्याच्या त्या रोपट्याचे बी कोल्हापुरातले.

परंतु बोर्डिंग झाले तरी ते येणाऱ्यासाठी. जो येतच नाही त्याचे काय? गुराखी पोराला शाळेत पाठवायचे तर गुरे कोण राखणार, हा बापाचा सवाल काही खोटा नसतो. नामदार गोखल्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले, आणि ते नामंजूर झाले. पैसा नाही, लोकांची तयारी नाही, असे सांगण्यात आले. एवढ्या मोठ्या सरकारला जे परवडले नाही ते कोल्हापूरसारख्या संस्थानाने १९१७ साली कायदा करून अंगावर घेतले. प्राथमिक शिक्षण मोफत, आणि सक्तीचे. मार्च १९१८ मध्ये करवीर पेट्यातील चिखली गावी या योजनेतली पहिली शाळा उघडली. शाळेच्या वयाच्या मुलांच्या याद्या करायच्या, आईबापांना कळवायचे, आणि सबळ कारण नसता जो मूल पाठविणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळी रुपया म्हणजे गंमत नव्हे. पुष्कळांना हा जुलूम वाटला असेल. देवाच्या दारी मनुष्य आपखुशीने जावा, पण शाळेच्या दारी पोराला कान धरून न्यावे लागते. ज्याला अक्षर कळत नाही त्याला ज्ञानेश्वरी तरी कोण वाचून दाखविणार? दुसऱ्याच्याच तोंडाकडे पाहायचे.

१९१९ साली आणखी एक हुकूम निघाला. अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद कराव्या आणि ती मुले सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवावी. चोखोबांचे अभंग डोक्यावर घेऊन नाचणारे आपण; त्यांच्या पोरांना वर्गात जागा द्यायला मात्र राजाचा हुकूम लागला. ही गोष्ट कडू असली तरी खरी आहे.

आता लेकीबाळींची कथा.

मुलींच्या शाळा कोल्हापुरात महाराजांच्या आधीपासून होत्या. महाराजांच्या काळी त्यांची देखरेख रखमाबाई केळवकर यांच्याकडे होती. त्यांची कन्या कृष्णाबाई ही मुंबईस वैद्यकी शिकली, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात तिची नेमणूक झाली आणि पुढील शिक्षणासाठी दरबारच्या मदतीने ती विलायतेसही जाऊन आली. शतकापूर्वी मराठी मुलगी समुद्रापार जाऊन डॉक्टरीण होऊन येते! हे कौतुकाचे खरेच, पण ही झाली शिकलेल्या घरची मुलगी. महाराजांची खरी कसोटी निराळ्या घरी लागली. ते घर म्हणजे त्यांचा स्वतःचा राजवाडा.

सासवड आम्हां वारकऱ्यांना सोपानकाकांमुळे माहीत. माउलींची पालखी दिवे घाट चढून तेथेच मुक्कामाला येते. त्या सासवडच्या जगताप घराण्यातली एक मुलगी, जन्म १९०६ चा. महाराजांनी तिला आपले धाकटे चिरंजीव शिवाजीराव यांच्यासाठी पसंत केले. जून १९१७ मध्ये थाटाने लग्न झाले, सासरचे नाव इंदुमती ठेवले. नवरा अठराचा, नवरी अकराव्या वर्षात. वर्ष पुरे झाले, आणि १२ जून १९१८ रोजी शिवाजीराव डुकराच्या शिकारीत घोडदौड करताना अपघात होऊन गेले. कुंकू लागून एक वर्ष आणि सहा दिवस.

वाचकहो, घरात असा प्रसंग आला म्हणजे काय होते हे सांगायला नको. बाप आधीच खचलेला असतो. त्या पोरीचे नशीब पुढे करून चार बायका कुजबुजतात. मराठ्यांच्या मोठ्या घराण्यांत विधवेला दुसरा विवाह नाही आणि पडद्याबाहेर पाऊल नाही. बारा वर्षांची पोर एका दालनात बसवायची, पांढरे लुगडे द्यायचे, आणि तिच्या मरणाची वाट पाहत पन्नास वर्षे घालवायची. त्याला अब्रू म्हणायचे. महाराज पुत्रशोकात बुडाले होते, तरी त्यांनी या सुनेला त्या दालनात बसू दिले नाही. तिला त्यांनी कोल्हापूरजवळच्या सोनतळीच्या बंगल्यावर ठेवले आणि शिक्षक नेमून तिचे शिक्षण सुरू केले. एकटी पोर कंटाळेल म्हणून निरनिराळ्या समाजांतल्या मुली सोबतीला ठेवल्या, त्याही तिच्याबरोबर शिकल्या. राजवाड्यात हे कोणालाच पसंत नव्हते. घरच्या स्त्रिया नाराज, नातलग नाराज. महाराजांनी बाहेरच्या जगाशी अनेक लढाया दिल्या, पण घरातली ही लढाई आम्हांला सगळ्यांत अवघड वाटते. सभेत टाळ्या देणारे असतात. घरात रात्री जेवणाच्या पाटावर कोणी बोलत नाही, ते सोसावे लागते.

आणि ध्यानात घ्या, पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा त्यांनी १९१७ च्या जुलैत, म्हणजे हे संकट घरी येण्याच्या आधीच केला होता. इंग्रजी मुलखात विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. करवीरात महाराजांनी असा विवाह रीतसर नोंदता येईल अशी व्यवस्था केली. नोंद म्हणजे कागदावरची शाई, त्यात काय मोठे, असे वाटेल. पण नोंद नसली म्हणजे नवऱ्याच्या मागे दीर येतो आणि ही आमच्या भावाची बायकोच नव्हती म्हणून सांगतो. मग पंचायत बसते. पंच कोणाच्या ओळखीचे असतात, ते आपणां खेडेगावच्या माणसांना चांगले ठाऊक आहे.

१९१९ साली तर कायद्यांची रांगच लागली. निरनिराळ्या जातींत आणि धर्मांत झालेल्या विवाहांना मान्यता देणारा कायदा त्या जुलैत झाला. काडीमोडीचा प्रश्न तोवर जातीच्या पंचांच्या मर्जीवर चाले, तो कायद्याच्या कक्षेत आणला. आणि ऑगस्टात स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास बंदी करणारा कायदा झाला. बाईला घरात छळणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दोनशे रुपयांपर्यंत दंड. बायकोला मारणे हा नवऱ्याचा घरगुती मामला, अशी समजूत त्या काळी घरोघर होती. ओव्या म्हणत दळणाऱ्या बाईच्या पाठीवरचे वळ जात्यालाच माहीत. भारतीय दंडसंहितेत नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या छळाचे निराळे कलम घालायला १९८३ साल उजाडले. म्हणजे करवीरच्या राजाने ते चौसष्ट वर्षे आधी केले. संस्थान लहान होते, त्याची सत्ता चार तालुक्यांची होती, हे खरे. पण तेथील बाईला फौजदाराकडे जाऊन उभी राहण्याइतका आधार झाला.

जानेवारी १९२० मध्ये जोगतिणी आणि मुरळ्यांसंबंधीचा कायदा आला. हा विषय आम्ही कीर्तनात काढला की काही मंडळी खाली पाहतात. लेक जगत नाही, पीक येत नाही, केसांत जट आली, म्हणून पोटची पोर यल्लम्माला किंवा खंडोबाला सोडायची. देवाशी लग्न लागले म्हणायचे, आणि मग गावाने तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहायचे ते पाहायचे. तिला माहेर तुटलेले, सासर नाही, पोरांना बापाचे नाव नाही. महाराजांच्या कायद्याने या चालीला आळा घातला आणि जोगतिणींच्या व अनौरस संततीच्या वारसाहक्काचा विचार केला. बंदी घालणारे पुष्कळ असतात. बंदी घातल्यावर ती बाई खाणार काय, तिच्या पोराचा कोणत्या मिळकतीत वाटा, हे विचारणारा विरळा. एवढे होऊनही ही चाल संपली नाही. मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, कर्नाटकात १९८२ साली, आणि महाराष्ट्राला आपला नवा कायदा २००५ साली करावा लागला.

येथे आम्हांला मंगळवेढ्याची कान्होपात्रा आठवल्यावाचून राहत नाही. श्यामा नायकिणीच्या पोटी ही मुलगी जन्मली, आईचा व्यवसाय तिला नको होता. ती वारकऱ्यांबरोबर पंढरीस आली. बिदरच्या बादशहाने तिला धरून नेण्यास माणसे पाठविली, तेव्हा तिला जाण्यासाठी जगात एकच जागा उरली होती, पांडुरंगाचे पाय. तेथेच तिने देह ठेवला. मंदिरात तिच्या नावाचे तरटीचे झाड आपण दाखवतो, त्याला हात लावून कपाळाला लावतो. कान्होपात्रा तरली ती भक्तीने, यात शंका नाही. पण तिच्या काळी गावात एखादा अधिकारी असता, एखादा कायदा असता, तर तिला अभंग गात म्हातारी होता आले असते की नाही? देवाने पदरात घेतले म्हणून माणसांची जबाबदारी सुटत नाही, असे आम्हांला वाटते. महाराजांनी ती जबाबदारी राजा या नात्याने आपल्या शिरावर घेतली.

कोणी म्हणेल, शास्त्रीबुवा, हे सगळे धर्मशास्त्राच्या विरुद्ध नव्हे का? आम्ही जे थोडेफार पढलो त्याच्या आधारे सांगतो. याज्ञवल्क्यस्मृतीत निपुत्रिक पुरुषाच्या धनाचे वारस क्रमाने सांगितले आहेत. त्यात पहिली पत्नी, आणि तिच्या मागोमाग मुली. भाऊ आणि पुतणे मागाहून. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत याचे सविस्तर समर्थन केले आहे. स्त्रीधनावर तर स्त्रीचीच सत्ता. शास्त्रात जेवढे दिले होते तेवढेसुद्धा आपण व्यवहारात दिले नाही, आणि जे दिले नाही त्यालाच परंपरा म्हणू लागलो. तेव्हा महाराजांचे कायदे शास्त्राच्या विरुद्ध होते असे सरसकट म्हणणाऱ्याने आधी पोथी सोडून पाहावी. काही ठिकाणी ते शास्त्राच्या पुढे गेले, हेही कबूल. जायलाच हवे होते.

हे चरित्र सांगताना आमचे मन आमच्या गावाकडे गेल्याशिवाय राहत नाही. आषाढीला तुकोबारायांची पालखी बेलवाडीचे रिंगण करून, लासुर्ण्या-अंथुर्ण्यावरून आमच्या शेळगावच्या फाट्याने निमगाव केतकीकडे जाते. दिंड्यांतल्या बायाबापड्या सावलीला टेकतात, पाणी पितात. त्यांच्या गोष्टी कान देऊन ऐका. निम्म्या पांडुरंगाच्या, निम्म्या घरच्या. त्यात हमखास एक गोष्ट निघते : भावांनी तलाठ्याकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. बहीण सही करते. का, तर माहेर तुटू नये, दिवाळीची साडी बंद होऊ नये. कायदा आता काय सांगतो? १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत हक्क दिला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः वाटेकरी, हे महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींपुरते आणि सगळ्या देशाने २००५ साली सर्व मुलींसाठी मान्य केले. आणि २००५ मध्ये बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. सही करणे वा न करणे हे बहिणीच्या खुशीवर आहे. पण खुशी कोणती आणि भीती कोणती, हे भावाने एकदा स्वतःला विचारावे. निरा डावा कालव्याच्या पाण्याने उसाला सोन्याचा भाव आला, तेव्हापासून या सह्यांची घाई वाढली आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. टाळकऱ्यांत पहिल्या रांगेत उभे राहणारेही त्यात आहेत, म्हणून लिहितो.

महाराजांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. मराठा आणि धनगर यांच्यात सोयरीक व्हावी. आपल्या बारामती-इंदापूर भागात हे दोन्ही समाज बांधाला बांध लावून राहतात, एका दिंडीत चालतात, पण लग्नाची गोष्ट काढली की टाळ खाली ठेवतात. महाराजांनी इंदूरच्या होळकरांकडे बोलणे लावले. कागलच्या घाटगे घराण्यातील मुलगी आणि इंदूरचे युवराज यशवंतराव यांचा विवाह १९२४ साली झाला. तो पाहायला महाराज राहिले नव्हते.

शेवटची वर्षे त्यांना प्रकृतीने छळले. पुत्रशोक आत खात होता. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत तरुण भीमराव आंबेडकरांच्या पाठीशी ते उभे राहिले, त्यांच्या मूकनायक पत्राला अडीच हजार रुपयांची मदतही त्यांनी दिली होती. बाबासाहेबांनी पुढे कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिल मांडले आणि ते अडले तेव्हा १९५१ साली मंत्रिपद सोडले; वर ज्या १९५६ च्या वारसा कायद्याचा उल्लेख केला तो त्याच बिलाचा एक तुकडा. ६ मे १९२२ रोजी मुंबई मुक्कामी महाराजांचे देहावसान झाले. वय अवघे ४७. पार्थिव कोल्हापुरास आणले, तेव्हा शहर लोटले होते.

सोनतळीच्या बंगल्यावरची सासवडची लेक तेव्हा सोळाव्या वर्षात होती. पाठीशी उभा असलेला सासरा गेला. आता पुस्तके मिटतील असेच कोणालाही वाटले असते. तिने ती मिटली नाहीत. १९२५ साली इंदुमतीराणीसाहेब मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पुढे त्यांनी कोल्हापुरात मुलींच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणाच्या संस्था उभ्या केल्या, आणि १९७१ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्या कामातच होत्या.